कॉमेटचे तुकडे

बंगालात चैत्र-वैशाखाच्या दिवसांत दुपार कलली की वायव्येकडून काळे ढग चालून येतात. धूळ, वारा, गारा, विजा असं सगळं एकदम कोसळतं आणि तासाभरात आभाळ मोकळंही होतं. या वादळाला तिकडे कालबैशाखी म्हणतात. २ मे १९५३ रोजी संध्याकाळी साडेचारच्या सुमारास असंच वादळ घोंगावत असताना कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून एका विमानाने दिल्लीच्या दिशेने उड्डाण केलं. ते सिंगापूरहून लंडनला निघालं होतं आणि ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचं, म्हणजे बीओएसीचं होतं. सहा मिनिटांत त्याचा संपर्क तुटला. शहराच्या वायव्येला तीसचाळीस किलोमीटरवरच्या गावकऱ्यांनी भर पावसात पंख तुटलेलं, पेटलेलं विमान खाली येताना पाहिलं. विमानातली ४३ माणसं गेली. अवशेष कित्येक मैलांच्या पट्ट्यात शेतांमधून विखुरले होते.

हे विमान कॉमेट होतं. जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान. त्याची पहिली प्रवासी फेरी लंडनहून जोहान्सबर्गला गेली होती ती बरोबर एक वर्षापूर्वी, २ मे १९५२ रोजी.

त्या वर्षभरात कॉमेटने काय करून दाखवलं होतं, हे आज विमानप्रवास सरावाचा झाल्यावर नीट ध्यानात येत नाही. पंख्याची विमानं ढगांमधून, हादरे खात, इंजिनांच्या घरघरीत जायची. डी हॅविलंड कंपनीचं कॉमेट त्यांच्या कितीतरी वरून, ३५ ते ४० हजार फुटांवरून जवळपास आवाज न करता जात असे. त्याचा वेगही जुन्या विमानांच्या दीडपट होता. महायुद्धाने कंबरडं मोडलेल्या ब्रिटनला या एका क्षेत्रात अमेरिकेला मागे टाकल्याचा अभिमान होता. आपल्या एअर इंडिया इंटरनॅशनलनेही त्याच्या पुढच्या, मोठ्या आवृत्तीची मागणी नोंदवून ठेवली होती.

पण चाळीस हजार फुटांवर माणूस श्वास घेऊ शकत नाही. तिथे प्रवाशांना नेण्यासाठी विमानात हवा दाबून भरावी लागते. कॉमेटच्या भिंतींवर आतून दर चौरस इंचाला सव्वाआठ पौंड दाब पडत असे, आणि वजन कमी राखण्यासाठी त्याचा पत्रा जागोजागी एक मिलिमीटरहूनही पातळ होता. दर उड्डाणाला तो पत्रा ताणला जाई आणि उतरताना सैल पडे. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुन्हापुन्हा वाकवत राहिलं की सहज तुटते. धातूच्या या थकव्याची कल्पना अभियंत्यांना होती. विमानाच्या पंखांबाबत ते त्याचा विचार करतही होते. हवा भरलेल्या प्रवासी कक्षाला हा थकवा इतक्या लवकर गाठेल, असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

कलकत्त्याच्या अपघाताची चौकशी भारत सरकारने नेमलेल्या न्यायालयाने केली. अवशेषांचा बराचसा भाग इंग्लंडला, फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये पाठवण्यात आला. तिथल्या तपासणीत असं दिसलं, की मोडतोड शेपटीकडच्या आडव्या पृष्ठभागापासून सुरू झाली असावी. वादळाचा जबर धक्का आणि त्यात विमान सावरताना वैमानिकाकडून कदाचित जास्त ओढला गेलेला दांडा, एवढ्यावर निष्कर्ष थांबला. धातूच्या थकव्याच्या दिशेने तपास गेलाच नाही. कारण समोर होतं, ते पटण्यासारखंही होतं. वादळ तर सगळ्यांनीच पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी, १० जानेवारी १९५४ रोजी, वादळ नव्हतं.

त्या दिवशी सिंगापूरहूनच लंडनकडे निघालेलं एक कॉमेट रोमच्या चाम्पीनो विमानतळावरून सकाळी उडालं. नोंदणीच्या शेवटच्या अक्षरांवरून त्याला ‘योक पीटर’ म्हणत. १९५२ची ती पहिली ऐतिहासिक फेरी याच विमानाने केली होती. आत ३५ माणसं होती. त्यांत सुट्टी संपवून इंग्लंडमधल्या शाळांना परतणारी मुलं होती आणि चेस्टर विल्मट हे नावाजलेले युद्धवार्ताहर होते. कॅप्टन ॲलन गिब्सन यांचं जवळून जाणाऱ्या दुसऱ्या बीओएसी विमानाशी हवामानाबद्दल बोलणं चाललं होतं. उड्डाणाला वीस मिनिटं झाली असतील, त्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

एल्बा बेटाच्या दक्षिणेला मासेमारी करणाऱ्यांनी वर स्फोटासारखे आवाज ऐकले आणि काहीतरी चकाकत समुद्रात पडताना पाहिलं. ते होड्या घेऊन तिकडे गेले आणि हाती लागले ते मृतदेह त्यांनी किनाऱ्यावर आणले. एकूण पंधरा मृतदेह मिळाले. पीसा विद्यापीठाचे शवचिकित्सक अँतोनिओ फोर्नारी यांनी ते तपासले. फुप्फुसं फाटलेली होती आणि कवट्या फुटलेल्या होत्या. हवेचा दाब एका क्षणात नाहीसा झाला आणि माणसं कक्षात जोराने फेकली गेली, असं ती शरीरं सांगत होती. भाजल्याच्या खुणा मृत्यूनंतरच्या होत्या. म्हणजे आग आधी लागली नव्हती. या तपासातला पहिला खरा पुरावा एका लहानशा इटालियन बेटावर, एका वैद्याच्या हाती लागला, आणि लंडनमध्ये त्याला हवं तेवढं वजन मिळालं नाही.

बीओएसीने दुसऱ्याच दिवशी आपली सगळी कॉमेट विमानं स्वतःहून उभी केली. कंपनीचेच वरिष्ठ अभियंते एबेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. समितीपुढे विमान नव्हतं, ते समुद्राच्या तळाशी होतं. मग सदस्यांनी काय काय बिघडू शकतं याची यादी केली आणि आग हे सर्वांत संभवनीय कारण मानलं. इंजिनांभोवती चिलखती पत्रे बसवले गेले, इंधनाच्या नळ्या अधिक मजबूत केल्या, धूर ओळखणारी यंत्रं लावली. असे पन्नासेक बदल झाले. कल्पनेला सुचेल त्या प्रत्येक शक्यतेवर उपाय झाला आहे, अशा आशयाचं पत्र ब्रिटनच्या हवाई नोंदणी मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड ब्रॅबझन यांनी मंत्र्यांना पाठवलं. २३ मार्च १९५४ रोजी कॉमेट पुन्हा उडू लागलं.

तिकडे एल्बाजवळ तळ शोधण्याचं काम चालूच होतं. ब्रिटनच्या भूमध्य आरमाराचे प्रमुख तेव्हा लॉर्ड माउंटबॅटन होते, सहा-सात वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडे व्हाइसरॉय असलेले. त्यांच्या आरमाराची ‘सी सॅल्व्हर’, ‘बारहिल’ आणि ‘वेकफुल’ ही जहाजं कमांडर गेरल्ड फोर्सबर्ग यांच्या हाताखाली कामाला लागली होती. पाणी सव्वाशे ते पावणेदोनशे मीटर खोल. तेव्हाच्या साध्या पाणबुड्याला तिथे काम करता येत नसे. मच्छीमारांनी दाखवलेल्या दिशा नकाशावर मांडायच्या, ध्वनिलहरी सोडून तळावर काही उंचवटा लागतो का पाहायचं, मग दूरचित्रवाणीचा कॅमेरा पाण्याखाली सोडायचा, आणि कॅमेऱ्याला पत्रा दिसला की पोलादी पंजा उतरवायचा, असा क्रम होता. विमान शोधण्यासाठी पाण्याखाली कॅमेरा वापरण्याची ही पहिलीवहिलीच वेळ. हिवाळी समुद्रात जहाज एका जागी धरून ठेवण्यासाठी चहूबाजूंनी नांगर टाकावे लागत. वारा उठला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. इंजिनं आणि पंखांचा मधला भाग वर आला तो मार्चमध्ये. फार्नबरोला पोहोचून त्यांची नीट तपासणी होण्याआधीच उड्डाणं सुरू झाली होती.

८ एप्रिलला, सोळाव्या दिवशी, रोमहून कैरोला निघालेलं ‘योक योक’ हे कॉमेट नेपल्सच्या दक्षिणेला समुद्रात पडलं. ते साउथ आफ्रिकन एअरवेजसाठी चालवलं जात होतं. त्यात २१ माणसं होती. तिथे समुद्र हजार मीटर खोल असल्याने अवशेष वर काढण्याचा प्रश्नच नव्हता. इंजिनांभोवतीच्या चिलखताचा काही उपयोग झाला नाही, कारण दोष इंजिनांत नव्हताच. ज्यांनी परवानगी दिली ती सगळी जाणती आणि सद्हेतूची माणसं होती. पण कारण ठाऊक नसताना कारणावर उपाय झाल्याचं त्यांनी मानलं, आणि त्या एकवीस जणांच्या मृत्यूला माझ्या मते हा निर्णय जबाबदार आहे.

आता कॉमेटचं उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्रच रद्द झालं. पंतप्रधान चर्चिल यांनी सांगितलं, की या कोड्याच्या उलगड्यासाठी पैसा आणि माणूसबळ यांचा हिशेब करायचा नाही. काम फार्नबरोकडे आलं. संस्थेचे संचालक अर्नल्ड हॉल तेव्हा चाळिशीच्याही आत होते.

हॉल यांनी एकाच वेळी दोन दिशांनी काम सुरू केलं. एका मोठ्या शेडमध्ये कॉमेटच्या मापाचा लाकडी सांगाडा उभारला आणि एल्बाहून येणारा प्रत्येक तुकडा त्याच्या मूळ जागी तारेने टांगायला सुरुवात केली. वाकलेले पत्रे, आसनांचे पाय, नळ्या, खिडक्यांच्या चौकटी. तुकडा कुठला हे ओळखायचं, मग त्याची कड शेजारच्या तुकड्याच्या कडेशी जुळते का पाहायचं. कड कोणत्या बाजूला वळली आहे, ओरखडा कुठून कुठे गेला आहे, त्यात कोणता रंग अडकला आहे, हे भिंगाखाली वाचायचं. डाव्या पंखावर सापडलेले रंगाचे ओरखडे प्रवासी कक्षाच्या बाहेरच्या रंगाशी जुळले. म्हणजे कक्ष फुटून त्याचे तुकडे पंखावर आदळले तेव्हा पंख जागेवर होता. आधी पंख तुटला आणि मग बाकीचं विमान, ही शक्यता तिथे मिटली. कोणतं आधी आणि कोणतं नंतर, हा क्रम लावणं हेच या कामाचं मर्म आहे; समुद्रात पडल्यावर तर सगळंच मोडतं.

याच सुमारास विमानाच्या लहान प्रतिकृती उंचावरून सोडून त्या मोडताना तुकडे कसे पडतात तेही पाहिलं गेलं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या एका छोट्या कक्षात आसनं आणि बाहुल्या बसवून, हवा भरून, तो फोडला गेला आणि त्याचं वेगवान चित्रण झालं. बाहुल्या छताकडे भिरकावल्या गेलेल्या त्या चित्रणात दिसल्या. फोर्नारी यांनी पाहिलेल्या कवट्यांचा अर्थ आता उमगला.

दुसरी दिशा अधिक धाडसी होती. बीओएसीने ‘योक अंकल’ नावाचं एक अख्खं कॉमेट देऊन टाकलं. हवा भरून त्याची परीक्षा घ्यावी तर ते बॉम्बसारखं फुटलं असतं आणि कुठून फाटलं हे शोधायला काहीच उरलं नसतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पाण्यात कक्ष फाटला तरी भेग पडून काम तिथेच थांबतं. तेव्हा विमानाभोवती लोखंडी टाकी बांधली गेली. पंख दोन्ही बाजूंनी बाहेर आणि कक्ष पाण्यात, आतही पाणी आणि बाहेरही पाणी. आतलं पाणी पंपाने दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. त्याच वेळी यांत्रिक दांडे पंख वरखाली वाकवत राहायचे. तीन तासांचं उड्डाण काही मिनिटांत उरकायचं. रात्रंदिवस.

जूनच्या अखेरीस एके दिवशी टाकीतला दाब अचानक उतरला. पाणी काढल्यावर दिसलं, की पुढच्या बाजूच्या आणीबाणीच्या दाराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून पत्रा कित्येक फूट फाटला आहे. प्रत्यक्ष आणि टाकीतली मिळून त्या विमानाची तीन हजारांहून थोडीच अधिक उड्डाणं झाली होती. एल्बाच्या विमानाची १,२९० झाली होती आणि नेपल्सच्या विमानाची ९००. खिडक्यांच्या कोपऱ्यांपाशी ताण मोजला तो पत्र्याच्या तुटण्याच्या मर्यादेच्या सुमारे ७० टक्के भरला. कंपनीच्या हिशेबाने तो निम्म्याच्याही आत असायला हवा होता.

मग डी हॅविलंडने स्वतः काय तपासलं होतं? त्यांनी तपासलं होतं, आणि मन लावून तपासलं होतं. १९५३मध्ये त्यांनी कक्षाच्या पुढच्या भागावर दाब देण्याचे आणि सोडण्याचे हजारो फेरे चालवले. तो भाग १८ हजार फेऱ्यांपर्यंत टिकला. एवढं पाहिल्यावर कुणाही अभियंत्याची खात्री पटावी. पण तोच नमुना आधी ताकदीच्या चाचणीसाठी नेहमीच्या दुप्पट दाबाने ताणलेला होता. त्या जबर ताणाने कोपऱ्यांजवळचा धातू किंचित ओढला जाऊन तिथेच घट्ट बसला, आणि पुढच्या लहान ताणांना तो अधिक टिकाऊ झाला. प्रवाशांना नेणाऱ्या विमानांना असा दुप्पट दाब कधीच दिलेला नव्हता. चाचणी खरी होती, पण तिच्यात टिकलेला नमुना विकलेल्या विमानांसारखा राहिला नव्हता. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे. इथे कुणी कामचुकारपणा केला नव्हता.

टाकीने एवढंच सिद्ध केलं, की असं होऊ शकतं. ‘योक पीटर’चं तसंच झालं, हे तळाशी पडलेला पत्राच सांगू शकत होता. प्रतिकृतींवरून अंदाज बांधून शोधाचं क्षेत्र बदललं आणि इटालियन मासेमारी जहाजांना तळावरून जाळी ओढायला सांगितलं. ऑगस्टमध्ये एका जहाजाच्या जाळ्यात कक्षाच्या छताचा मोठा तुकडा आला. त्याला दोन चौकोनी झरोके होते. त्यांच्याआड दिशा शोधणाऱ्या रेडिओचे ॲंटेना बसवलेले असत. मागच्या झरोक्याच्या कोपऱ्याशी एका छोट्या भोकापासून भेग निघाली होती आणि थकव्याच्या खुणा तिथे स्पष्ट होत्या. तिथूनच छत पुढेमागे फाटत गेलं होतं. प्रवाशांच्या चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडलं असं अजून सर्रास लिहिलं जातं. एल्बाच्या विमानापुरतं तरी ते खरं नाही. फाटायची सुरुवात छतावर, प्रवाशांना दिसतही नसलेल्या जागी झाली होती.

१९ ऑक्टोबर १९५४ रोजी वेस्टमिन्स्टरच्या चर्च हाउसमध्ये लॉर्ड कोहेन यांच्यापुढे जाहीर चौकशी सुरू झाली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत अहवाल आला. कक्ष धातूच्या थकव्याने फुटला, असं त्यात नोंदलं होतं. उपलब्ध ज्ञान पाहता कुणावरही ठपका नाही, असंही म्हटलं होतं. नेपल्सच्या विमानाचे अवशेष तळातून काढता आले नसतानाही तेच कारण धरलं गेलं. कलकत्त्याच्या अपघाताचा निष्कर्ष मात्र बदलला गेला नाही. अधिकृत दफ्तरात तिथे आजही वादळच आहे.

कॉमेटची चौथी, जाड पत्र्याची आवृत्ती ४ ऑक्टोबर १९५८ रोजी अटलांटिक ओलांडून प्रवासी घेऊन गेली. तीनच आठवड्यांनी पॅन ॲमचं बोइंग ७०७ त्या मार्गावर आलं आणि बाजार अमेरिकेने जिंकला. एअर इंडियाच्या जेट सेवेचा १९६०मध्ये प्रारंभ झाला तोही ७०७नेच. पण बोइंगचे अभियंते काय, इतर कुणी काय, सगळे फार्नबरोचा अहवाल वाचूनच पुढे गेले. नव्या विमानाच्या संपूर्ण कक्षाची थकव्यासाठी परीक्षा घेणं आणि भेग पडली तरी ती पसरू नये असे पट्टे पत्र्यात गुंफणं, हे नेहमीचं झालं. कॉमेटच्याच चर्चेत मेलबर्नच्या एका शास्त्रज्ञाच्या मनात आलं, की कॉकपिटमधला शेवटचा आवाज टिपून ठेवणारं यंत्र विमानात असतं तर? त्यांचं नाव डेव्हिड वॉरन. त्यांचे वडील १९३४मध्ये विमान अपघातातच गेले होते. आज आपण ज्याला ब्लॅक बॉक्स म्हणतो, त्याचं मूळ त्यांच्या १९५४च्या टिपणात आहे.

तीस वर्षांनी, २३ जून १९८५ रोजी, एअर इंडियाचं ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडजवळ अटलांटिकमध्ये पडलं आणि ३२९ माणसं गेली. एल्बाला सव्वाशे मीटरवर आरमार दमलं होतं. इथे तळ दोन हजार मीटरवर होता. तरी तीन आठवड्यांच्या आत यंत्रमानवाने दोन्ही नोंदणीयंत्रं, म्हणजे ब्लॅक बॉक्स, वर आणली. ती मुंबईला आली आणि त्यांतल्या ध्वनीचं विश्लेषण भाभा अणुसंशोधन केंद्रातही झालं. पत्रा आपोआप थकून फाटला की आत स्फोट झाला, हा कॉमेटनंतरचा नेहमीचा पहिला प्रश्न इथेही होताच. न्यायमूर्ती कृपाल यांच्या आयोगाने तुकडे, मृतदेह आणि ध्वनी यांचा एकत्र विचार करून बॉम्बस्फोटाचा निष्कर्ष काढला.

तुकडे जुळवून कारण शोधण्याची हीच पद्धत अवकाशयानांनाही लागू झाली. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी ज्यात होते ते ‘कोलंबिया’ टेक्सासवर विखुरलं. हजारो माणसांनी रानं आणि शेतं पायी तुडवून सुमारे ८४ हजार तुकडे गोळा केले. वजनाने ते यानाच्या ३८ टक्के भरले. केनेडी अवकाश केंद्राच्या हँगरमध्ये जमिनीवर चौकटी आखून प्रत्येक तुकडा त्याच्या जागी मांडला गेला. डाव्या पंखाच्या कडेला पडलेल्या छिद्रातून तप्त वायू आत शिरला होता, हे वितळून थिजलेल्या धातूच्या थरांनी दाखवून दिलं. १९८६मध्ये नष्ट झालेल्या ‘चॅलेंजर’ यानाचे अवशेष तपासानंतर जुन्या क्षेपणास्त्रांच्या भुयारांत बंद करण्यात आले होते. ‘कोलंबिया’चे तसे केले नाहीत, ते जपून ठेवले आहेत आणि अभ्यासासाठी मागणाऱ्या संशोधकांना त्यातले तुकडे आजही दिले जातात.